कर्करोगाचे पाठभेद आणि अकरावीचे गणित

कर्करोग हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर गाठ येते, शस्त्रक्रिया येते, परळच्या टाटा रुग्णालयाबाहेर पदपथावर बिऱ्हाड थाटून बसलेली परगावची माणसे येतात. या रोगाला एक इतिहास असतो, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही. येथे इतिहास म्हणजे रुग्णाने डॉक्टरांना सांगितलेली हकिकत नव्हे. ज्या एका पेशीपासून पुढे गाठ झाली ती पेशी प्रथम केव्हा बिघडली, त्यानंतर कोणते बिघाड कोणत्या क्रमाने होत गेले, आणि कोणत्या बिघाडानंतर तिच्या वंशजांना जागा सोडून शरीरात अन्यत्र पसरण्याचे बळ आले, हा तो इतिहास होय. तो कोणत्याही केसपेपरवर सापडत नाही. तो गाठीतील पेशींच्या डीएनएमध्ये उमटलेला असतो, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत तो वाचण्याची विद्या माणसाच्या हाती आली आहे. ही विद्या निम्मी जीवशास्त्राची आणि निम्मी गणिताची आहे. आपल्याकडे मात्र दहावीचा निकाल लागला की सोळा वर्षांच्या मुलाला विचारण्यात येते, गणित की जीवशास्त्र? त्या प्रश्नाचा आणि या रोगाचा संबंध आपण समजतो त्यापेक्षा फार जवळचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ही विद्या समजून घेण्यासाठी मराठी वाचकाला परक्या दृष्टान्ताची गरज नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे कार्य आरंभिले आणि १९६६ साली ते पूर्णत्वास नेले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून हजाराहून अधिक हस्तलिखिते मिळवून त्यांतील पाठ एकमेकांशी ताडून पाहण्यात आले. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी १९२५ पासून १९४३ साली मृत्यू येईपर्यंत या कामाची धुरा वाहिली. त्यांच्या पद्धतीच्या मुळाशी असलेले तत्त्व सांगायला सोपे आहे. पोथी नकलून घेणारा लेखनिक कोठेतरी चुकतो. त्या पोथीवरून पुढे नक्कल करणारा ती चूक इमानाने उतरवून घेतो आणि स्वतःची एखादी भर घालतो. म्हणून दोन पोथ्यांत एकच विलक्षण चूक आढळली, तर त्या दोन्ही एकाच पोथीच्या लेकी असल्या पाहिजेत. जी चूक झाडून साऱ्या पोथ्यांत आहे ती जुनी. जी एकाच शाखेत आहे ती मागाहून शिरलेली. अशा रीतीने मूळ पोथी कोणी पाहिलेली नसतानाही पोथ्यांची वंशावळ मांडता येते. सुखठणकर हे केंब्रिज येथे शिकलेले गणिताचे विद्यार्थी होते आणि संस्कृत विद्येकडे ते नंतर वळले, ही गोष्ट जाता जाता नमूद करून ठेवतो. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशी ही अशीच एक लेखनिक आहे. तिच्याजवळील पोथी सुमारे तीनशे कोटी अक्षरांची, आणि तिच्याही दोन प्रती, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून. वर्णमाला मात्र ए, टी, जी व सी अशी अवघ्या चार अक्षरांची. पेशी दुभंगून दोन होते तेव्हा दर वेळी ही सर्व पोथी नव्याने उतरवावी लागते. चुका दुरुस्त करणारी चोख यंत्रणा पेशीत असली, तरी काही चुका तिच्या नजरेतून सुटतात. तंबाखूतील रसायने, प्रखर ऊन, काही विषाणू हे त्यांत भर घालतात. बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. परंतु एखादीच अशी निघते की जिच्यामुळे पेशीचा लगाम तुटतो. मूत्राशयाच्या कर्करोगातील ‘रास’ नावाच्या जनुकात केवळ एक अक्षर बदलल्याने सर्व अनर्थ ओढवतो, हे १९८२ साली दाखवून देण्यात आले, तेव्हा शास्त्रज्ञही थक्क झाले होते. पोथीचा दृष्टान्त येथे अपुरा पडतो हे मान्य केले पाहिजे. पोथीतील चुकीमुळे लेखनिकाचा हात अधिक भरभर चालू लागत नाही. पेशीतील चुकीमुळे चालतो. ज्या पेशीची चूक तिला वेगाने वाढवते तिचा वंश इतरांवर मात करतो, त्या वंशात पुन्हा नवी चूक होते, पुन्हा निवड होते. कर्करोगाची वाढ ही शरीराच्या आत घडणारी डार्विनची उत्क्रांतीच आहे, हा विचार अमेरिकेतील पीटर नॉवेल यांनी १९७६ साली मांडला. त्या वेळी तो पडताळून पाहण्याचे साधन नव्हते. साधन मिळायला पुढे तीन दशके जावी लागली.

आज हे काम कसे चालते ते थोडे तपशिलाने सांगणे इष्ट होईल, कारण गणित कोठे शिरते ते त्याशिवाय कळणार नाही. रुग्णाच्या गाठीचा तुकडा आणि त्याचेच थोडे रक्त घेतात. रक्तातील डीएनए म्हणजे त्या माणसाची जन्मजात पोथी, गाठीतील डीएनए म्हणजे बिघडलेली नक्कल. सर्वसाधारणपणे वापरात असलेली यंत्रे पोथी सलग वाचू शकत नाहीत. शे-दीडशे अक्षरांचे कोट्यवधी कपटे ती वाचून देतात. हे कपटे मूळ पोथीत कोठे बसतात ते शोधणे, यंत्राच्या वाचनातील चूक कोणती आणि पेशीतील खरा बदल कोणता याचा निवाडा करणे, हे सारे संगणकाचे आणि संभाव्यताशास्त्राचे काम. खरी गंमत त्यानंतर आहे. समजा, एखादी जागा यंत्राने शंभर वेळा वाचली आणि त्यांत पन्नास वेळा बदललेले अक्षर आढळले. पोथीच्या प्रती दोन असल्यामुळे याचा अर्थ असा की, बहुधा गाठीतील प्रत्येक पेशीत, दोहोंपैकी एका प्रतीत, हा बदल आहे. म्हणजे तो जुना. गाठीच्या मूळ पेशीतच झालेला. दुसऱ्या एखाद्या जागी शंभरांत दहा वेळाच बदल आढळला, तर तो पेशींच्या सुमारे पाचव्या हिश्शातच आहे, म्हणजे मागाहून फुटलेल्या फांदीवरचा आहे. गाठीच्या तुकड्यात निरोगी पेशीही मिसळलेल्या असतात, गुणसूत्रांचे तुकडे कधी गळालेले तर कधी दुप्पट झालेले असतात. त्या साऱ्याची वजावट करावी लागते. हिशेब किचकट आहे, पण हिशेबच आहे. सुखठणकरांनी पाठभेदांवरून जे केले तेच येथे संगणक अक्षरांच्या प्रमाणावरून करतो.

या हिशेबातून निघालेले निष्कर्ष विचार करायला लावणारे आहेत. अनेक देशांतील शास्त्रज्ञांनी मिळून २,६५८ गाठींच्या संपूर्ण जीनोमचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध केला. एकेका गाठीत हजारो बदल असले, तरी रोगाला खरोखर पुढे ढकलणारे बदल सरासरी चार-पाचच असतात, असे त्यांत दिसून आले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांतील पहिले बदल निदान होण्याच्या कित्येक वर्षे आधी, काही कर्करोगांत तर दशकांपूर्वी, होऊन गेलेले असतात. ज्याला आपण ‘अचानक निघालेला कॅन्सर’ म्हणतो तो बहुधा बराच काळ चालत आलेला असतो. दुसरा धडा १९७६ च्या विचारातून सरळ निघतो, पण पुराव्यानिशी तो २०१२ साली लंडनमध्ये मिळाला. मूत्रपिंडाच्या एकाच गाठीचे निरनिराळ्या जागचे तुकडे तपासले तेव्हा सुमारे दोनतृतीयांश बदल सर्व तुकड्यांत नव्हतेच. एका तुकड्यावरून साऱ्या गाठीचे भविष्य वर्तवणे म्हणजे एका पोथीवरून महाभारत ठरवण्यासारखे आहे. एका फांदीला मारणारे औषध दुसऱ्या फांदीला मोकळे रान करून देते, आणि बरा होत आलेला रुग्ण पुन्हा आजारी का पडतो याचे एक उत्तर येथे मिळते.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे वळू. जगातील मुखकर्करोगाच्या रुग्णांपैकी सुमारे एकतृतीयांश भारतात आहेत. त्यांतही आपल्याकडील रोगाचे ठिकाण विशेष आहे: गालाची आतली बाजू आणि खालच्या हिरडीची कड, म्हणजे तंबाखूचा बार किंवा गुटखा जेथे दाबून धरतात नेमकी तीच जागा. पाश्चात्त्य देशांत ही जागा एवढी पीडित नाही, म्हणून तेथील शास्त्रज्ञांनी तिच्याकडे विशेष लक्ष दिले नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग जीनोम प्रकल्पात कोणत्या देशाने कोणता कर्करोग वाचावा याची वाटणी झाली तेव्हा भारताने हाच पत्करला. कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमशास्त्र संस्था आणि टाटा स्मारक केंद्राची खारघर येथील ‘अॅक्ट्रेक’ ही संस्था यांनी मिळून ते काम केले. २०१३ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. प्रथम ५० व नंतर पडताळ्यासाठी ६० अशा ११० रुग्णांच्या अभ्यासातून, मस्तक व कंठाच्या कर्करोगांत आधीच ठाऊक असलेल्या टीपी५३, सीएएसपी८, नॉच१ यांसारख्या जनुकांबरोबरच यूएसपी९एक्स, एआरआयडी२ अशी या रोगात वारंवार बिघडणारी नवी पाच जनुके हाती लागली.

याच काळात आणखी एक गोष्ट उजेडात आली. अनेक कर्कजनक पदार्थ डीएनएवर आपल्या हस्ताक्षराची खूण सोडतात. कोणते अक्षर कोणत्या शेजाऱ्यांमध्ये असताना बदलले याची हजारो ठिकाणची गणती केली की ते हस्ताक्षर ओळखता येते. ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी अशा खुणांची क्रमवार यादी केली. सिगारेटच्या धुराची खूण तीत चौथ्या क्रमांकावर आहे. एकोणतिसावी खूण मात्र तंबाखू चघळणाऱ्यांच्या गाल-हिरडीच्या कर्करोगात सापडली. धूर आणि बार, तंबाखू तीच, पण अक्षर वेगळे! आपल्या लोकांच्या गाठी वाचल्या गेल्या नसत्या, तर ही खूण यादीत केव्हा आली असती कोण जाणे.

आपली पोथी आपणच वाचली पाहिजे याचे दुसरे कारण याहून रोकडे आहे. गाठीतील बदल ओळखण्यासाठी ‘बदल नसलेला’ पाठ आधी माहीत असावा लागतो. पुष्कळदा रुग्णाचे रक्त उपलब्ध नसते, आणि तेव्हा जगातील निरोगी माणसांच्या डीएनएच्या कोशाशी तुलना करतात. हे कोश बव्हंशी युरोपीय वंशाच्या लोकांवरून तयार झालेले आहेत. मग आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेला निरुपद्रवी पाठभेदही त्या कोशात नसल्यामुळे रोगकारक बदल म्हणून नोंदला जाण्याचा धोका उरतो. हा दोष निवारण्यासाठी खारघरच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली भारतीय कर्करुग्णांच्या ६२ निरोगी नमुन्यांवरून १,१४,३०९ पाठभेदांचा एक कोश तयार करून सर्वांना विनामूल्य खुला केला. अवघे ६२ नमुने! तरीही लाखाच्या वर भेद हाती आले. पुढे ‘जीनोम इंडिया’ या शासकीय प्रकल्पात दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचण्यात आले आणि २०२५ च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांना उपलब्ध करून देण्यात आली. जेथे शेकडो जाती-जमाती शतकानुशतके आपापसांतच विवाह करीत आल्या, त्या देशाला हा आकडाही मोठा म्हणता येणार नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही, की ज्या देशात गावोगाव तोंड उघडून पाहणारा कोणी नाही तेथे ही जीनोमची चैन कशासाठी? तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ साली सुरू झालेल्या पाहणीत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी केवळ नजरेने तोंड तपासले, आणि तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांमधील मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. खुद्द मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. आरोग्यसेविकांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे पन्नाशीवरील स्त्रियांमधील स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, ती नीट अमलात आणली तर जे साधेल ते कोणत्याही संगणकाने साधणार नाही. शाळेपासून हाकेच्या अंतरावर पुड्या मिळतात, हे शिक्षकवाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

हे सर्व मान्य. परंतु तोंड तपासणाऱ्या त्या कार्यकर्त्यापाशीच थोडे थांबा. त्याला गालावर पांढरा चट्टा दिसला. असे चट्टे अनेकांना असतात. त्यांतील थोड्यांचाच पुढे कर्करोग होतो. कोणाचा होईल हे डोळ्यांना सांगता येत नाही, सूक्ष्मदर्शकालाही खात्रीने सांगता येत नाही. सर्वांची शस्त्रक्रिया करणे अशक्य, सर्वांना ‘सहा महिन्यांनी या’ म्हणून सांगितले तर निम्मे परत येत नाहीत, हा सार्वत्रिक अनुभव. त्या चट्ट्यातील पेशींत चार-पाचांपैकी किती पायऱ्या ओलांडून झाल्या आहेत, हे वाचता आले तर कोणाला थांबवून घ्यायचे ते ठरवता येईल. ते अद्याप रोजच्या व्यवहारात आलेले नाही. ते यावे म्हणून ज्यांचा चट्टा कर्करोगात बदलला आणि ज्यांचा बदलला नाही अशा शेकडो माणसांचे नमुने वर्षानुवर्षे जपून ठेवावे लागतील, आणि कोण किती वर्षे काय चघळत होता याची नोंद त्यांच्या जोडीला असावी लागेल. नोंदीवाचून जीनोम मुका आहे.

आणि नोंदीच्या बाबतीत या शहराची पुण्याई मोठी आहे. टाटा रुग्णालय १९४१ साली उघडले. तेथील पहिले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी निरनिराळ्या समाजांच्या सवयी आणि त्यांना होणारे कर्करोग यांची सांगड घालण्याचा अभ्यास तेव्हापासून चालवला होता. १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग-नोंदणी सुरू केली. नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयांचे दप्तर आणि महापालिकेची मृत्यूची पुस्तके धुंडाळून एकेक नाव टिपत, दुबार नावे गाळत. मुलुंडचा रुग्ण कोणता आणि परगावाहून उपचारांसाठी येऊन मुलुंडच्या नातलगाचा पत्ता देणारा कोणता, हे त्यांना निवडावे लागे. कारकुनी काम म्हणून ज्याची हेटाळणी होते ते हे काम. आज बाहेरचे विद्वान मुंबईच्या कर्करोगाबद्दल आकडेवार बोलतात ते या कारकुनांच्या जिवावर.

तेव्हा रुग्ण आहेत, दुर्दैवाने विपुल आहेत. नोंदी आहेत, यंत्रे आहेत. उणीव आहे ती वाचकांची, म्हणजे पेशी आणि संभाव्यता या दोहोंशी सारखीच ओळख असलेल्या माणसांची. ती का भासते हे पाहण्यासाठी अंधेरी, बोरिवली, घाटकोपर येथील कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयात जावे. डॉक्टर व्हायचे असलेला विद्यार्थी गणित सोडतो, कारण वैद्यकाच्या ‘नीट’ परीक्षेत गणित नाही. अभियंता व्हायचे असलेला जीवशास्त्र सोडतो. राज्याच्या प्रवेशपरीक्षेचेही दोन गट, एकात गणित, दुसऱ्यात जीवशास्त्र. दोन्ही विषय घेण्यास मज्जाव नाही, पण घेणाऱ्याला घरचे व शिकवणीवाले मिळून वेड्यात काढतात. सोळाव्या वर्षी गणिताला रामराम ठोकलेला मुलगा पुढे एम. एस्सी.ला येऊन जैवमाहितीशास्त्राचे नाव ऐकतो, तेव्हा तयार प्रणालीची बटणे दाबणे एवढेच त्याला जमण्यासारखे असते. बटणामागील हिशेब चुकला आहे की काय, हे त्याला उमगत नाही.

हे दैव नव्हे, हे आपणच घातलेले कुंपण आहे, याचा पुरावा आपल्याच परंपरेत आहे. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. गुणसूत्रावर जनुकांमधील अंतर मोजण्याचे एक सूत्र त्यांनी १९४४ साली प्रसिद्ध केले. जनुकशास्त्रज्ञ आजही ते ‘कोसंबी सूत्र’ म्हणून वापरतात. चारच वर्षांनी, १९४८ साली, त्याच माणसाने तीनशेहून अधिक हस्तलिखिते ताडून भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. गणित, जनुके आणि पाठभेद या तिन्ही गोष्टी एका मराठी प्राध्यापकाच्या टेबलावर एकत्र नांदत होत्या. अकरावीच्या कोणत्या गटात त्यांना प्रवेश मिळाला असता? कुंपण ओलांडल्याची ताजी साक्षही हाकेच्या अंतरावर आहे. रक्ताच्या काही कर्करोगांसाठी रुग्णाच्याच पेशी बदलून तयार केलेला, भारतात विकसित झालेला पहिला उपचार २०२४ च्या एप्रिलमध्ये लोकार्पित झाला, तो पवईच्या आयआयटीत, अभियांत्रिकीच्या संस्थेत, टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांच्या सहकार्याने.

उच्च माध्यमिक मंडळाला पुष्कळ काही करता येईल, पण आरंभ फार थोडक्यात होऊ शकतो. जीवशास्त्र घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला संभाव्यता व संख्याशास्त्राचा एक सक्तीचा भाग असावा, आणि गणित घेणाऱ्याला पेशी व अनुवंश यांचा. वैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेत संख्याशास्त्राचे दहा प्रश्न आले, तर उपनगरांतील सारे शिकवणीवर्ग ते दुसऱ्याच वर्षी शिकवू लागतील. शिक्षणखात्याच्या परिपत्रकापेक्षा हा उपाय अधिक गुणकारी आहे. दरम्यान, ज्या शिक्षकांना मंडळाची वाट पाहायची नसेल त्यांच्यासाठी हजारो गाठींतील बदलांच्या याद्या, रुग्णांची नावे वगळून, जगाला विनामूल्य खुल्या आहेत. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील साध्या संगणकावर त्या उघडतात. कोणता बदल किती टक्के वाचनांत आला हा स्तंभ त्यांतील अनेक याद्यांत असतोच. जुना बदल कोणता, नवा कोणता, हे त्यावरून लावून पाहायला बारावीच्या वर्गाला दोन तास पुरतात.